अर्धी गोळी

मी पडलो तो मळीवर. उसाचा रस कढताना काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, वर जो काळपट फेस येतो ती मळी. ती काढून लांब टाकायची असते. नव्या गुळव्यानं ती येण्याजाण्याच्या वाटेवरच ओतली होती. मी त्याला तेच सुनवायला उठलो आणि तोंड उघडायच्या आत पाय सटकला. ते सुनवायचं अजून राहिलेलंच आहे.

गुळव्या म्हणजे काहील कधी उतरवायची हे ठरवणारा माणूस. ऊस एकाचा, काहील दुसऱ्याची, जाळ घालणारा तिसरा, पण गूळ झाला का नाही हे गुळव्या एकटा सांगतो. मी पन्नास वर्षं हे काम केलं. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांची म्हैस राखत. पण फेसाचा रंग बघून ऊस कुठल्या रानातला ते सांगायचो, आणि माझा शब्द खोडायची कुणाची छाती नव्हती. वय झालं म्हणून लेकानं काम सोडायला लावलं. काम सोडलं, जाणं सोडलं नाही. हंगामात रोज सकाळी गुऱ्हाळावर जाऊन बसायचो आणि चुका काढायचो.

तर मी पडलो आणि माणसं धावली.

"आज्जा, लागलं काय?"

"काय न्हाय. हात दे."

हात धरून उठलो आणि डावा पाय माझ्याबरोबर आलाच नाही. खुब्यात काहीतरी कटकन झालं. डोळ्यांपुढं चुलवाण, काहील, माणसं, सगळं एकाच रंगाचं झालं. पण ओरडलो नाही. उकळता रस हातावर उडाला तरी मी कधी ओरडलेलो नाही, आणि त्या नव्या पोरसवदा गुळव्यासमोर तर नाहीच नाही.

गूळ न्यायला आलेला टेम्पोवाला म्हणाला, "आज्जा, सरळ कोल्हापूरला दवाखान्यात घेतो."

"घरी घे."

"पाय बघा की जरा. एक लांब, एक आखूड झालाय."

"पाय माझा हाय का तुझा? घरी घे म्हटलं की घरी घे."

गुळाच्या रव्यांशेजारी, ढेपांच्या बाजूला, आडवा टाकून मला घरी आणला. लेक ट्रक घेऊन बेंगळुरूला गेलेला. घरात सून एकटी. ती मला मामा म्हणते. तिनं एकदा पायाकडं बघितलं, एकदा तोंडाकडं, आणि काही न विचारता गाडी बघायला बाहेर पळाली.

ती गेली आणि मी खाटेखालची पत्र्याची पेटी हातानं ओढली. तेवढ्या ओढण्यानं घाम फुटला. पेटीत माझ्या मंडळीचं, म्हणजे बायकोचं, लुगडं, तिचा चष्मा, आणि लुगड्याच्या घडीत तिच्या गोळ्या. त्यातल्या दोन मी काढल्या आणि पाण्याशिवाय गिळल्या. अख्ख्या. पेटी परत ढकलली. सून आत आली तेव्हा मी छताकडं बघत पडलो होतो.

आता ह्या गोळ्यांचं सांगितलं पाहिजे. सांगायला जिवावर येतं, पण त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

माझी मंडळी दोन वर्षांमागं कॅन्सरनं गेली. शेवटी शेवटी तो हाडात उतरला होता. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या, चार-चार तासांनी एक. औषधवाल्याला विचारलं, ह्या कशाच्या? तो म्हणाला, "आज्जा, अफूपासनं करत्यात. जपून ठेवा."

अफू मला माहीत होती. मी सहा वर्षांचा असताना आई ऊस तोडायला जायची. जाताना धाकट्या बहिणीला अफूचा कण चाटवून झोळीत घालायची. पोरगी झोपली की काम उरकायचं. सगळ्याच बायका तसं करायच्या, त्यात कुणाला काही वाटत नव्हतं. झोळीला झोका द्यायचं काम माझ्याकडं होतं. एक दिवस मी झोका देत राहिलो आणि बहीण उठलीच नाही. आई त्यावर जन्मभर एक शब्द बोलली नाही. मला मारलंही नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून मंडळीच्या गोळ्यांचा ताबा मी माझ्याकडं घेतला. सुनेला हात लावू दिला नाही. आणि दर वेळी अडकित्त्यानं सुपारी फोडावी तशी गोळी फोडून तिला अर्धीच दिली. ती झोपेतच जाऊ नये, मला ओळखत राहावी, एवढंच माझं म्हणणं. ती कण्हायची. सून दारातनं विचारायची, "मामा, आत्तींना गोळी दिलीसा न्हवं?" मी म्हणायचो, "दिली की." अर्धी का अख्खी हे तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

शेवटच्या पंधरवड्यात कण्हण्याचं ओरडणं झालं. कागलला दिलेली माझी लेक आली. तिनं आईचं ओरडणं ऐकलं आणि भर सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, सुनेच्या अंगावर गेली. "माझ्या आईला येळंवर गोळ्या देत न्हाईस तू. म्हणून ती अशी वरडतीया. तुझी आई असती तर?" सून मुकाट उभी. तिला वाटलं सासरा बोलेल. सासरा चार हातांवर उंबऱ्यावर बसला होता. बोलला नाही. दिवसकार्य झालं आणि लेक गेली ती परत घरात आली नाही. सणाला नाही, जत्रेला नाही. भावाला फोन करायची, मला करायची. सुनेचं नाव घ्यायची नाही. दोन वर्षं.

आणि उरलेल्या गोळ्या पेटीत. अर्ध्याच दिल्या तर उरणारच की.

त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला मला कोल्हापुरात मोठ्या दवाखान्याच्या अपघात विभागात घातलं. गाडीतनं उतरवताना तिघांनी धरलं, तरी खुब्यात सुरी फिरवल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणून एक तरणी मुलगी आली. बोलायला लागली तेव्हा शुद्ध बोलत होती, पण मी गाव सांगितल्यावर म्हणाली, "मी गारगोटीची, आजोबा," आणि मग जरा आपल्यासारखी बोलायला लागली.

"आजोबा, शून्य म्हंजे अजिबात दुखत न्हाय, दहा म्हंजे सोसवत न्हाय. तुमचं किती?"

"दोन."

तिनं माझ्या हाताकडं बघितलं. हातानं खाटेचा लोखंडी गज धरला होता, आणि बोटं पांढरी झाली होती.

"तोंड दोन म्हणतंय. हात नऊ म्हणतोय. कुणाचं खरं धरू?"

"हात अडाणी हाय."

ती हसली. सून हसली नाही. मग डॉक्टरनं बॅटरीचा उजेड माझ्या डोळ्यांत पाडला, आधी एका, मग दुसऱ्या. परत पाडला. म्हणाली, "बाहुल्या लई बारीक दिसत्यात. घरी काय घेतलाय का? दुखायची गोळी, झोपेची गोळी, कुणी काढा दिलेला?"

"न्हाय."

"आठवून सांगा."

"न्हाय म्हटलं की. चहा घेतलाय."

सून पायथ्याला उभी होती. आता तुम्हीच बघा, मी 'घेतल्यात' म्हणालो असतो तर ही मुलगी विचारणार, कसल्या? मी सांगणार, मॉर्फिनच्या, मंडळीच्या. आणि मग हिनं विचारो न विचारो, पायथ्याची विचारणार, त्या उरल्या कशा? ते उत्तर देण्यापेक्षा खुबा मोडलेला बरा होता. मी तोंड भिंतीकडं केलं. तेवढं केलं तरी कळ डोक्यात गेली.

डॉक्टर गेली. फोटो काढायला नेलं, परत आणलं. एक घडी धड पडवेना. पाठ टेकावी तर खुबा ओरडतो, कूस बदलावी तर बदलता येत नाही. डोकं मात्र जड होत चाललं होतं, डोळ्यांवर झापड येत होती. झापड आली की मी दचकून डोळे उघडायचो. झोळीत घातल्यासारखं वाटायचं.

शेजारच्या खाटेवर माझ्याच वयाचा एकजण होता, जयसिंगपूरचा जैन व्यापारी. जिन्यावरनं पडून खांदा मोडलेला. त्यानं मान वळवली.

"पावणं, तुम्हाला काय दिलंय?"

"अजून काय न्हाय."

"मग नशीबवान हायसा. मला सकाळी पहिल्या दवाखान्यात कसलं ट्रामाडॉल का काय टोचलं. खांदा गप झाला, पण तवापास्नं छत फिराय लागलंय. तीनदा उलटी. खांदा म्हणतोय मी बरा, पोट म्हणतंय मी मेलो."

"मग दुखू द्यायचं हुतं."

"तुम्ही काय करतासा?"

"गुळव्या."

"अरं देवा. मी गुळाचा व्यापारी. म्हंजे तुमचा गूळ मी बघिटला असणार."

"बघिटला असशीला. आणि काळा हाय म्हणून नाक मुरडलं असशीला."

"काळा असंल तर मुरडणारच की, पावणं."

"चुना जादा पडला की गूळ काळा हुतो. माझा एक रवा काळा दावा, मिशी काढतो."

"मिशी न्हाईच तुम्हाला."

"म्हणूनच बोललो."

त्याला हसू आलं आणि हसण्यानं खांदा हलला, तो "अयाया" करत गप पडला. मलाही जरा बरं वाटलं. मग तो डोळे मिटून म्हणाला, "आता तुम्हाला मॉर्फिन देणार असतील. म्हंजे अफूच. जपून हं. आमच्या मामाला दिलं तर त्यो बायकोला आई म्हणाय लागला." माझं बरं वाटणं तिथंच संपलं.

डॉक्टर परत आली. हातात फोटो, आणि सुनेनं घरून आणलेली माझी जुनी फाईल. खाटेच्या कडेला उभी राहिली आणि सुनेला नाही, मला सांगायला लागली. ते मला आवडलं. म्हातारा झाला की सगळे त्याच्या डोक्यावरनं दुसऱ्याशी बोलतात.

"खुबा मोडलाय. आपरेशन लागणार. तोवर तुम्हाला असं तडफडत ठेवणार न्हाय मी."

"कोण तडफडतंय?"

"बरं, कुणीच न्हाय. तरीपण ऐका. माझ्याकडं तीन औषधं हायत. एक ट्रामाडॉल. ह्या आजोबांचं बघितलासा न्हवं? म्हाताऱ्या माणसाला त्यानं मळमळतं, गरगरतं, काही जणांचं डोकंबी फिरतं. ते नको. दुसरं मॉर्फिन. चांगलं औषध हाय, सावकाश चढतं, लई येळ टिकतं. पण ते लघवीवाटं बाहेर जातं, आणि ह्या फाईलीत लिहिलंय की तुमची किडनी सुस्त हाय. तुमच्या अंगात ते साठून राहील, आणि संध्याकाळी तुम्ही डोळं उघडायचा न्हाईसा. तिसरं फेंटॅनिल. झटक्यात चढतं, लौकर उतरतं, किडनीवर भार टाकत न्हाय. ते देते."

मी मनात म्हटलं, ही जाळाचं सांगते. चुलवाणात पाचट टाकलं की भडकन पेटतं आणि विझतं, वाळली चिपाडं सावकाश धरतात आणि मग हटत नाहीत. कुठल्या वेळी काय टाकायचं हे जाळ घालणाऱ्याला कळावं लागतं.

"एकदम किती देणार?" मी विचारलं.

"एकदम न्हाय देणार. सत्तरीच्या पुढच्या माणसाला थोडं द्यायचं. पाच मिनिटं उभं राहून बघायचं. श्वास कसा चाललाय, बोलतोय का नीट, दुखणं किती उतरलं. मग परत थोडं. जादा पडलं तर माघारी काढता येत न्हाय."

असं कुणी डॉक्टर बोललेलं मी ऐकलं नव्हतं. हे माझं बोलणं होतं. मळी वर यावी म्हणून रसात चुना घालायचा तो असाच. चिमटी टाकायची, ढवळायचं, फेस काय सांगतो ते बघायचं, मग दुसरी चिमटी. आणि त्याच्याही आधी गुळव्यानं एक विचारायचं असतं, काहिलीत आधी कुणी काही टाकलंय का? एका हंगामात जाळ घालणाऱ्यानं मला न सांगता, शहाणपणा म्हणून चुना टाकला. मी विचारलं तर 'न्हाय' म्हणाला. मी माझा टाकला. सगळी काहील काळी, कडू, गुरांनी तोंड लावलं नसतं. त्या माणसाला मी सगळ्यांच्या देखत गुऱ्हाळावरनं हाकलला. चुना टाकल्याबद्दल नाही. 'न्हाय' म्हणाल्याबद्दल.

सिस्टरनं सुई भरली. डॉक्टरनं माझा दंड धरला.

"थांब," मी म्हणालो.

"आता काय, आजोबा?"

"काहिलीत आधीच पडलंय."

तिला काही कळलं नाही. सुनेला कळलं. गुळव्याच्या घरातली सून. ती खाटेच्या कडेनं पुढं आली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"मंडळीच्या गोळ्या हुत्या. मॉर्फिनच्या. दोन घेतल्यात सकाळी. घरी."

डॉक्टरनं सुई ट्रेमध्ये ठेवली. तिचं तोंड बदललं. रागावली असं नाही, पण गारगोटीची पोरगी गेली आणि डॉक्टर आली. "किती वाजता? कितीच्या गोळ्या? जुन्या? आत्ता झापड येतीया का?" भराभर विचारलं, मी भराभर सांगितलं. सिस्टरनं माझ्या बोटाला चिमटा लावला, नाकाशी नळी लावली. डॉक्टर घड्याळ बघत माझ्या छातीचा श्वास मोजत उभी राहिली, आणि मग म्हणाली, "मघाशी न्हाय म्हणालासा. मी तुमच्यावर इश्वास ठेवून सुई टोचणार हुते. पाच मिनिटांत तुमचा श्वास थांबला असता तर मी काय केलं असतं? ह्या ताईंना काय सांगितलं असतं?"

 आयुष्यात मी असं दुसऱ्याला उभं करून विचारलंय. मला कुणी विचारलं नव्हतं.

आणि मग सून बोलली. हळूच.

"मामा, त्या गोळ्या उरल्या कशा?"

शेजारचा व्यापारी डोळे मिटून पडला होता, पण कान जागे होते. सिस्टर उभी, डॉक्टर उभी. अशा वेळी माणूस खोटं बोलतो. माझ्याही तोंडात आलं होतं, शेवटी तिनं गिळायचं बंद केलं म्हणून उरल्या. सोपं होतं.

"अर्धीच द्यायचो," मी म्हणालो. "अडकित्त्यानं फोडून. पहिल्यापास्नं."

सुनेनं पदर तोंडाला लावला. रडली नाही. म्हणाली, "आणि मी रातंदिस इचारायची, दिलीसा न्हवं. आणि वन्सं मला म्हणाल्या... तुम्ही तिथं बसलावतासा, मामा. उंबऱ्यावर."

"व्हय."

"दोन वर्षं माझं तोंड बघत न्हाईत त्या."

"व्हय."

ती बाहेर गेली. दार काचेचं होतं, त्यातनं दिसत होती. नुसती भिंतीला टेकून उभी होती.

डॉक्टरनं अर्धा तास मला काही दिलं नाही. दर थोड्या वेळानं यायची, बोलायला लावायची, श्वास बघायची. तो अर्धा तास मी गज धरून काढला. मग म्हणाली, आता देते, अगदी कणभर. दिलं. उभी राहिली. "किती?" मी म्हटलं, "नऊचं आठ झालं." पहिल्यांदा खरा आकडा सांगितला. परत कणभर. "किती?" "सहा." तिसऱ्यांदा दिल्यावर खुब्यातला दात सुटला. कळ होती, पण पलीकडच्या घरात असावी तशी. हात गजावरनं आपोआप निघाला. डोकं जागेवर होतं. सून कोण, मी कोण, आज वार कुठला, सगळं कळत होतं.

डॉक्टरनं विचारलं, "आता कसं वाटतंय?"

"वाईट."

"का?"

"एवढंच हुतं व्हय हे? एवढ्यानंच उतरतंय?"

ती समजली असावी. कारण ती गेली नाही. मी विचारलं, "मंडळी शेवटी शेवटी मला ओळखत नव्हती. मला तिचा भाऊ समजायची. मी म्हटलं, अर्धी देऊनसुदीक अफूनं घात केला. अख्खी दिली असती तर आणखी आधीच गेली असती न्हवं?"

तिनं खुर्ची ओढली आणि बसली.

"आजोबा, औषध जादा झालं तर डोकं भरकटतं, हे खरं. पण दुखणं नुसतं सोसत ठेवलं तरीबी म्हाताऱ्या माणसाचं डोकं भरकटतं. तिचं कशानं झालं, मी सांगू शकत न्हाय. रोगानंबी असंल. मी तिला बघिटलेलं न्हाय."

"पण दुखलं असंल."

ती म्हणाली, "व्हय. दुखलं असणार."

माझी समजूत काढली नाही, हे तिचं मोठेपण. तरीपण त्या दुपारी मला तिचा राग आला. खोटं बोलली असती तर चाललं असतं.

शेजारचा व्यापारी हळूच म्हणाला, "पावणं, बोलून टाकलासा ते बरं केलंसा."

"तुम्ही झोपा की," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आपरेशन ठरलं. सकाळी लेक कागलहून आली. मी घसरल्याचं कळलं तशी पहिल्या गाडीनं निघालेली, हातात डबा. सून माझ्या उजव्या अंगाला बसलेली होती. लेक डाव्या अंगाला जाऊन बसली. दोघींच्या मधी मी, मोडका. लेक मला बोलायची ते मला, आणि सून सिस्टरला बोलायची ते सिस्टरला. एकमेकींकडं बघणं नाही. डबा उघडला तेव्हा लेकीनं तिला "जेवलीस का" असंही विचारलं नाही.

सून रात्रभर माझ्याजवळ होती. पाणी पाजलं, तोंड पुसलं. त्या गोष्टीवर एक शब्द बोलली नव्हती. आताही बोलणार नव्हती, हे मला दिसत होतं. ती नुसती बसली होती, हात मांडीवर ठेवून, आणि वाट बघत होती. दोन वर्षांमागं सोप्यात उभी होती तशीच.

मला वाटलं, आपरेशन होऊ दे, मग सांगू. मग वाटलं, टेबलावर गेलो आणि आलोच नाही तर? मग वाटलं, तर बरंच, सांगायचं टळलं. हे शेवटचं मनात आलं आणि माझी मलाच शिसारी आली.

"बाई," मी लेकीला म्हणालो, "आईच्या गोळ्या हिच्याकडं कधीच नव्हत्या. माझ्याकडं हुत्या. मी अर्ध्या दिल्या. ही रोज इचारायची, मी दिली म्हणायचो. तू हिला बोललीस तवा मी गप बसलो."

लेकीच्या हातात चपातीचा तुकडा होता, मला भरवायला धरलेला. तो तिनं डब्यात परत ठेवला. म्हणाली, "का?"

"भ्यालो."

"आईला सांगितलतासा, अर्धी देतोय म्हणून?"

"न्हाय."

ती उठली. मला वाटलं निघाली. खाटेला वळसा घालून ती उजव्या अंगाला गेली आणि सुनेसमोर उभी राहिली. सूनही उठली.  लेक म्हणाली, "वैनी, चहा घेतलीस काय सकाळपास्नं?"

"न्हाय, वन्सं."

"चल."

दोघी बाहेर गेल्या. डबा उघडाच माझ्या पोटाशी. माझा हात पोचत होता, पण मी घेतला नाही. काचेतनं दोघी दिसल्या, मग कोपऱ्यावर वळल्या. मला आत नेईपर्यंत त्या परत आल्या नव्हत्या.

आपरेशन झालं, घरी आलो. वॉकर धरून सोप्यापर्यंत येतो. डॉक्टरांनी दुखायच्या गोळ्या दिल्यात, त्या सुनेच्या ताब्यात. वेळ झाली की ती विचारते, "किती?" मी आकडा सांगतो. वाढवून नाही, कमी करून नाही. ती गोळी तळहातावर ठेवते आणि गिळेपर्यंत उभी राहते. माझ्यावर विश्वास नाही तिचा, आणि नसावाच.

लेक येते आता. आठवड्याला येते, मुक्कामाला राहते. आल्या आल्या चुलीकडं जाते आणि दोघींचं बोलणं सुरू होतं. काय बोलतात कळत नाही, पण कधी हसतात. मी इथं खाटेवरनं ऐकतो. जेवणाचं ताट माझ्यापुढं लेकच आणून ठेवते. ठेवते आणि जाते. माझ्याशी ती बोलत नाही. भावाला फोन करते, वैनीला करते, मला नाही. पहिल्यांदा मी म्हटलं, चार दिवस. मग म्हटलं, महिना. आता मोजणं सोडलंय.

मी तिला बोल म्हणून सांगणार नाही. तिला दोन वर्षं लागली तर लागू देत. तिचा हिशेब बरोबर आहे, फक्त माणूस बदललाय. पण दुपारच्याला दोघी आत बोलत असतात तेव्हा मला खाटेवर पडवत नाही. वॉकर धरतो, सोप्यापर्यंत येतो, तिथं थांबतो. बोलणं बंद होतं. परत खाटेवर येतो. परत सुरू होतं. परत उठतो.